आग लागली, की लागू दिली?

मी एकाच वेळी भाडेकरूही आहे आणि घरमालकही. अकोल्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहतो. आणि वाशीम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावी आमचे जे वडिलार्जित घर आहे, ते मी भाड्याने दिले आहे. महिन्याच्या पाच तारखेला एका हाताने भाडे द्यावे आणि सात तारखेला दुसऱ्या हाताने घ्यावे, असा आमचा संसार चालतो. आमची सौ. याला ‘या खिशातले त्या खिशात’ म्हणते. देताना खिसा जितका रिकामा होतो तितका घेताना भरत नाही, एवढेच तिच्या लक्षात येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग तर दोन्ही बाजू तुम्हांला चांगल्याच ठाऊक असतील. माझाही तसाच समज होता. पण सुनेची सासू होताना बाईला जे विस्मरण होते, तेच भाडेकरूचा घरमालक होताना माणसाला होते. माझ्या बाबतीत तर दोन्ही अवस्था एकदमच चालू असल्यामुळे मी सकाळी सून असतो आणि संध्याकाळी सासू. यंदाच्या उन्हाळ्यात या दुहेरी भूमिकेचे बिंग फुटले. दिवाळीच्या अंकात आगीची गोष्ट कशाला, असे कुणाला वाटेल. परंतु घरोघरी दिवे, माळा, फटाके आणि नवे पडदे यांची एकाच आठवड्यात गाठ पडते, तेव्हा ही गोष्ट सांगायला याहून योग्य मुहूर्त मला तरी सापडत नाही.

गोष्ट फेब्रुवारीत सुरू होते. आमच्या अकोल्याच्या इमारतीत जिन्याखाली विजेच्या मीटरांची खोली आहे. त्या खोलीत आमच्या घरमालकांनी जुन्या गाद्या, मोडका सोफा, रंगाचे अर्धे डबे आणि मुलाच्या लग्नातली थर्माकोलची कमान असा ऐवज नीट रचून ठेवला होता. इमारतीला जिना एकच. म्हणजे मीटरात ठिणगी पडली, तर धूर त्याच जिन्याने वर यायचा आणि आम्ही त्याच जिन्याने खाली जायचे! मी पत्र लिहायला बसलो. मराठीचा प्राध्यापक पत्र लिहू लागला म्हणजे काय होते, हे सांगायला नको. मायनाच अर्धे पान झाला. मग मी कायदा चाळला, कलमे घातली, ‘उपरिनिर्दिष्ट’ आणि ‘तत्संबंधी’ यांची पेरणी केली आणि चार पानी मजकूर सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, “हे पत्र आहे का प्रबंध? गाद्या काढा म्हणायला एवढं कशाला?”

घरमालकांनी पत्र घेतले, घडी घालून खिशात ठेवले आणि तोंडी उत्तर दिले, “प्राध्यापकसाहेब, बारा वर्षं झाली. काही होत नाही.”

मी संतापून वर आलो. ‘काही होत नाही’ या तीन शब्दांवर सौ.ला मी पाऊण तास व्याख्यान दिले. त्याच आठवड्यात आसेगावहून फोन आला. आमच्या तिथल्या घरात जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक तरुण गुरुजी राहतात. ते, त्यांची पत्नी आणि चार वर्षांची छकुली. गुरुजी म्हणाले, “सर, विजेची शेगडी लावली की स्वैपाकघरातला बोर्ड गरम लागते. कधी कधी जळका वासही येते. एकदा वायरमन दाखवून घेता काय?”

यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “गुरुजी, ते घर माझ्या आजोबांच्या वेळेपासून उभं आहे. काही होत नाही.”

हे वाक्य आपण अकोल्यात कुणाच्या तोंडून ऐकले होते, ते मला त्या क्षणी मुळीच आठवले नाही. शपथेवर सांगतो.

आता थोडे त्या घराविषयी. माझ्या लहानपणी आसेगाव अकोला जिल्ह्यातच होते. वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. घर धाब्याचे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागवानी मयाली, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. भिंतीत जागोजाग देवळ्या. संध्याकाळी आजी प्रत्येक देवळीत दिवा ठेवी. देवळी ही शोभेची वस्तू आहे असे मला पुष्कळ दिवस वाटे. पुढे कळले की तोही एक नियमच होता. तिन्ही बाजूंना माती, वर माती, खाली माती. दिवा कलंडला तरी तेल मातीत जिरायचे. ज्या काळी घरबांधणीचे नियम कागदावर नव्हते, त्या काळी ते असे भिंतीत बांधलेले असत.

आजीचा दुसरा नियम कापसाचा. वेचणी झाली की विक्री होईपर्यंत वऱ्हाडात कापूस घरातच साठवतात. आमची मधली खोली मयालीपर्यंत भरून जाई आणि आम्हां पोरांना त्यात उड्या मारायची अनिवार इच्छा होई. आजी उड्या मारू देई, पण हातात दिवा किंवा कंदील दिसला की तिचा आवाज चढे, “कापसाच्या खोलीत दिवा नेशीन त हात मोडीन!” कापूस भडकतो तो दिसतो, पण तो आतल्या आत धुमसतो, ते तासन्‌तास कुणाला दिसत नाही, हे तिला ठाऊक होते. पऱ्हाट्या आणि तुराट्यांची गंजी घराच्या भिंतीला टेकवून लावायची नाही, चुलीतला विस्तव राखेखाली झाकल्यावाचून निजायचे नाही, हे आणखी दोन नियम. या बाईला अक्षरओळख नव्हती, पण काय पेटते, कशाने पेटते आणि दोघांमध्ये किती अंतर ठेवायचे, एवढे तिला नेमके ठाऊक होते. आगीचे सारे शास्त्र शेवटी यापलीकडे फारसे जात नाही.

जुने ते सगळे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्याला आग लागली आणि आतले लाकडी महाल जळून गेले. दगडी तट तेवढे उरले. लाकूड ते लाकूडच. तरी जाड तुळईचा एक गुण आहे. ती वरून जळते तेव्हा तिच्यावर कोळशाचा थर चढतो आणि तो थर आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. मिनिटाला मिलिमीटरभराहूनही कमी इतक्या सावकाशीने ती आत आत जळत जाते. माणसांना बाहेर पडायला ती वेळ देते.

मी त्या घराचे काय केले ते ऐका. सहा वर्षांपूर्वी घर भाड्याने द्यायचे ठरले, तेव्हा एका हितचिंतकाने सांगितले, “शिकलेला भाडेकरू हवा असेल तर हे काळं छत झाका.” मी पांढऱ्याशुभ्र थर्माकोलच्या चौकोनी फरशा मयालींखाली ठोकून घेतल्या. देवळ्यांवर प्लायवूड मारून त्यांवर रंगीत कागद चिकटवला. विजेच्या तारा वडिलांच्या वेळच्या, लाकडी पट्टीवरून गेलेल्या. दोन दिवे आणि एक पंखा यांच्यापुरत्या. त्या बदलायच्या तर खर्च आला असता, आणि छताआड गेल्यावर त्या दिसणार कुणाला? घर खरोखर छान दिसू लागले. भाडे मी तीनशे रुपयांनी वाढवले.

चैत्रातला तो दिवस मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकला. गुरुजी सकाळच्या शाळेत होते. शेजारच्या अंगणात कुरडयांचा घाट चालला होता. गुरुजींची पत्नी तिथे हाताखाली होती. घरात विजेच्या शेगडीवर वरणाची डाळ आणि जोडीला कूलर. छकुलीची ती निजायची वेळ. रोज ती मधल्या खोलीत, कूलरपुढे, फोमच्या गादीवर निजते. त्या दिवशी मात्र गव्हाचा चीक शिजत होता आणि गरम चिकावर तेल घालून वाटीभर मिळाल्याशिवाय उठणार नाही, असा तिने हट्ट धरला होता. मुलांच्या हट्टाला मी पुन्हा कधी नावे ठेवणार नाही.

छतातून धूर निघाला. शेजारच्या आबाजींनी आधी मेन स्विच पाडला, मग गोठ्यातली माती टोपल्यांनी आणून टाकली. वीज चालू असताना पाणी टाकायचे नाही, एवढे भान त्या गर्दीत त्यांना राहिले, हे आमचे भाग्य. एक कोपरा जळून विझला. मी दुपारच्या एस.टी.ने पोचलो, तेव्हा आबाजी ओट्यावर बसले होते. म्हणाले, “मास्तर, घर तं वाचलं. पण हे वरतं काय लावलं होतं बाप्पा? पान्यासारखं गयत होतं, अन् गयता गयता जयत होतं!”

थर्माकोलचे याहून अचूक वर्णन मला कुठल्याही पुस्तकात आढळले नाही. शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडते, मग वितळते आणि पेटले की त्याचे जळते थेंब खाली पडतात. मी आत गेलो. मधल्या खोलीत छकुलीची गादी होती तशीच अंथरलेली होती. तिच्यावर, उशीच्या बाजूला, काळ्या कडांची सात भोके पडली होती. ती मी मोजली. काहीतरी करायला हवे म्हणून मोजली असतील.

इतक्यात गुरुजी आले. मला वाटले, आता हे बोलतील. बोलण्याचा त्यांना हक्कच होता. ते हात जोडून म्हणाले, “सर, माफ करा. आमच्यापायी तुमच्या घराचं नुकसान झालं.” मग खाली पाहत त्यांनी सांगितले की फ्यूज वारंवार उडायचा, म्हणून किटकॅटमध्ये त्यांनीच तांब्याची जाड तार घातली होती.

मग दुसऱ्या दिवशी वायरमनने सगळा उलगडा केला. विजेची शेगडी दोन हजार वॅटची. ती एकटी सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढते. तारेत प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. छताआड वडिलांच्या वेळचा एक जोड होता. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. तापायचे ते तिथे तापले. अशा वेळी फ्यूजची बारीक तार वितळावी आणि वीज तुटावी, एवढ्याकरिताच तर तिचा जन्म. ती जाड केली म्हणजे दारावरच्या गुरख्याला झोपेचे औषध देण्यासारखेच. जोड माझा, छत माझे; जाड तार आणि फोमची गादी गुरुजींची. चौघांनी मिळून काम केले होते.

परतीच्या गाडीत मी नेहमीच्या सवयीने शब्दांकडे वळलो. आपली मराठी आगीच्या बाबतीत मोठी सोयीची भाषा आहे. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, तशी आग ‘लागते’. कर्त्याचा कुठे पत्ता नाही. दुसऱ्या टोकाला ‘आग लावली’. तिथे कर्ता पक्का, आणि त्याची जागा तुरुंगात. आपण सारे भले लोक पहिल्या वाक्यात राहतो. पण या दोहोंच्या मध्ये आणखी एक क्रियापद आहे आणि ते आपण सहसा वापरत नाही : आग ‘लागू दिली’. फेब्रुवारीत फोन आला होता. बोर्ड गरम लागतो, वास येतो, इतके स्वच्छ सांगितले गेले होते. तेव्हा आसेगावी आग लागली नाही. मी ती लागू दिली. तारेपुरती गुरुजींनीही दिली. पण त्यांनी माफी मागितली होती, आणि मी अजून मागितली नव्हती.

अकोल्याला आल्यावर मी माझ्या घरमालकांना लिहिलेल्या पत्राची प्रत काढली. ती आता मला उद्देशून लिहिल्यासारखी वाटली. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचे कलम १०८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर, घरातला जो महत्त्वाचा दोष मालकाला माहीत आहे आणि भाडेकरूला साध्या तपासणीत दिसणार नाही, तो मालकाने आधीच सांगितला पाहिजे. छताआडच्या तारा हा याहून चांगला नमुना कुठला? तेच कलम पुढे आग, वादळ, पूर अशी संकटे मोजते. त्यांत पहिले नाव आगीचेच. आगीने घर राहण्याजोगे उरले नाही तर भाडेकरूला करार संपवता येतो. मात्र आग त्याच्याच गैरकृत्याने लागली असेल तर ती सवलत त्याला नाही. म्हणजे जाड तारेचाही विचार त्या कायद्याने करून ठेवला आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ज्या गावांना लागू आहे, तिथे घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे काम आहे. भाडेकरूने लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्याला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, आणि ती जबाबदारी मालकाची, असेही तोच कायदा सांगतो. उंच इमारती, रुग्णालये, उपाहारगृहे यांच्याकरिता २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यात मालक आणि भोगवटादार दोघेही जबाबदार धरले आहेत, आणि आगीची साधने चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. आसेगावच्या माझ्या घराकडे कधी कुणी तपासनीस फिरकला नाही, आणि फिरकेल म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थही नाही. तिथे तपासनीस मीच.

गादीला आणि पडद्याला आपल्याकडे भाड्याच्या व्यवहारात कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये विचारतात, आणि त्याला कारण घडले. ८ मे १९७९ रोजी मँचेस्टर शहरातल्या एका मोठ्या दुकानात विक्रीला मांडलेल्या सोफ्यांनी पेट घेतला आणि दहा माणसे गेली. सोफ्यांत पॉलियुरेथेन फोम होता, म्हणजे आपल्या घरोघरच्या फोमच्या गाद्यांतला. तो झपाट्याने पेटतो आणि त्याचा काळा धूर विषारी असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सायनाइडही. या आणि अशा इतर आगींनंतर तिथे १९८८ साली फर्निचरच्या अग्निसुरक्षेचे नियम झाले. जळती सिगारेट आणि काडीची ज्योत यांच्या कसोटीला उतरलेल्या मालावर तशी चिठ्ठी शिवलेली असते, आणि सामानासकट घर भाड्याने देणाऱ्याने तसेच सामान दिले पाहिजे. गमत अशी की १९५० पूर्वीच्या सोफ्यांना या नियमातून सूट आहे, कारण त्या काळी त्यांत हा फोम भरतच नसत. आजीची कापसाची गादीही त्या सुटीत बसली असती. फक्त तिच्याजवळ विडी न्यायची नाही.

परंतु नियम असले म्हणजे सारे झाले, असेही नाही. त्याच देशात, लंडनमध्ये, १४ जून २०१७ च्या पहाटे ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली इमारत जळाली आणि ७२ माणसे मेली. आग सुरू झाली चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रीजपासून. ती बाहेर पडली आणि इमारतीला नुकत्याच चढवलेल्या नव्या आवरणावरून वर धावत गेली. दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक, असे ते आवरण. इमारतीची मालकी तिथल्या स्थानिक परिषदेची, आणि राहणारे बहुतेक भाडेकरू. त्यांनी सुरक्षिततेविषयी आधी कितीतरी वेळा तक्रारी केल्या होत्या. हे वाचताना मला लंडन दिसत नव्हते. मला गुरुजींचा फोन ऐकू येत होता.

त्याच वर्षी २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा जण गेले. त्यांतले अनेक जण प्रसाधनगृहात आसरा घ्यायला गेले आणि धुराने गुदमरले. गच्चीवरचे आच्छादन आणि सजावट सहज पेटणारी होती. या सर्व ठिकाणी माझ्या पांढऱ्या फरशांचेच कोणी ना कोणी नातलग हजर होते. दिसायला छान, उचलायला हलके, आणि पेटायला तयार.

आता मी केले काय, ते सांगतो. कारण पश्चात्तापाने घराच्या तारा बदलत नाहीत. ज्येष्ठात पाऊस लागण्यापूर्वी सगळे थर्माकोल उतरवले. नव्या तारा आयएसआय शिक्क्याच्या आणि आगीत कमी धूर करणाऱ्या प्रकारच्या घेतल्या. दिव्यांना दीड, प्लगांना अडीच आणि शेगडीला स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची. किटकॅट काढून एमसीबी बसवले, ज्यात कुणालाच जाड तार घालता येत नाही. जोडीला, वीज गळली की तोडणारी आरसीसीबी. अर्थिंग नव्याने केले. देवळ्यांवरचे प्लायवूड काढले. वाढवलेले तीनशे रुपये परत कमी केले. सौ.ने हिशेब पाहिला आणि एक अक्षर बोलली नाही, यावरून प्रसंगाचे गांभीर्य ध्यानी यावे.

आणि गुरुजींना बसवून एक कागद केला. त्यात एकही ‘उपरिनिर्दिष्ट’ नाही. कागदाचे तीन भाग आहेत. पहिला ‘भिंतीतले’ : तारा, एमसीबी, अर्थिंग, छत, भिंतीवर जे काही चिकटवले आहे ते. हे मालकाचे. गुरुजींनी सांगितल्यापासून आठ दिवसांत वायरमन पाठवीन, न पाठवला तर त्यांनी बोलवावा आणि खर्च भाड्यातून कापावा. दुसरा ‘भिंतीपुढचे’ : गाद्या, पडदे, गॅसची नळी, शेगड्या, मोबाईलचे चार्जर. हे भाडेकरूचे. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची, गादीवर मोबाईल चार्जिंगला लावून निजायचे नाही, निरांजन पडद्याखाली ठेवायचे नाही, एका प्लगवर तीन यंत्रे टांगायची नाहीत. तिसरा भाग ‘वाटेतले’ : दार, जिना, खिडकीची जाळी, कुलूप. हे दोघांचे. बाहेर पडायच्या वाटेत काही रचायचे नाही आणि खिडकीची एक जाळी आतून उघडणारी ठेवायची. आगीत माणसे पुष्कळदा ज्वाळेने मरत नाहीत, बंद दाराने मरतात. खाली दोघांच्या सह्या, आणि १०१ हा आकडा मोठ्या अक्षरांत.

सह्या झाल्यावर मी गुरुजींना म्हणालो, “फेब्रुवारीत तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. चूक माझी झाली.” गुरुजी एवढे संकोचले की घाईघाईने चहा टाकायला स्वतःच उठले.

नवरात्रात आम्ही दोघे आसेगावी गेलो होतो. घट बसले होते आणि नऊ दिवसांचा अखंड दिवा मधल्या खोलीतल्या मोठ्या देवळीत तेवत होता. वरच्या काळ्या मयाली पुन्हा दिसू लागल्या आहेत. गुरुजींच्या पत्नीला त्या आवडतात, असे ती म्हणाली. मालकाला बरे वाटावे म्हणून म्हणाली असेल. छकुलीने सौ.ला हात धरून देवळीपाशी नेले आणि बजावले, “मावशी, पदर सांभाळजो.”

राहता राहिले आमचे अकोल्याचे घरमालक. परतल्यावर मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो; या वेळी पत्र नव्हते, कलमे नव्हती. फक्त आसेगावची हकीकत सांगितली आणि गादीवरची सात भोके सांगितली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मीटरांच्या खोलीतल्या गाद्या गेल्या, सोफा गेला, रंगाचे डबे गेले. थर्माकोलची कमान मात्र अजून तिथेच आहे. मुलाच्या लग्नाची आठवण म्हणून त्यांच्याने ती टाकवत नाही. पाडव्याला आम्ही त्यांना फराळाला बोलावले आहे. सौ.ची चकली तोंडात असताना माणसाला ‘काही होत नाही’ म्हणता येत नाही, असा माझा अनुभव आहे.